न गोठलेले पाणी

१

अनुभा चांगमाईने दोन्ही कुप्या एकाच मुठीत धरून जोरात हलवल्या आणि खिडकीच्या उजेडात, टेबलाच्या कडेला शेजारी शेजारी उभ्या केल्या. डावी तिने गुवाहाटीहून सोबत आणली होती. उजवी गेल्या गुरुवारी नदीतल्या वाळूच्या बेटावरून न वापरता परत आली होती.

"आता काय?" डॉ. लोहित बसुमतारींनी विचारले. जिल्ह्याचे आरोग्य खाते त्यांच्या हाताखाली होते आणि सकाळपासून त्यांनी चारदा घड्याळ पाहिले होते.

"आता थांबायचं."

रिकामे थांबणे अनुभाला जमत नसे. राज्यभरातल्या लशी थंड ठेवण्याची व्यवस्था तिच्याकडे होती, आणि त्या कामात कागद फार. तिने पिशवीतून फाइल काढली. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले दुरुस्तीचे अर्ज. यंत्राचा क्रमांक खात्याच्या यादीत शोधायचा. सापडला तर मंजुरी, नाही तर चौकोनी शिक्का, ‘यंत्र यादीत नाही. अर्ज परत’, आणि खाली आखूड सही. बारा मिनिटांत तिने नऊ अर्ज उरकले. मग मान वर केली.

डाव्या कुपीतले औषध अजून दुधट होते. उजवीच्या तळाशी चुन्यासारखा थर बसला होता आणि वर नितळ पाणी.

"मेली," ती म्हणाली.

"कोण?" डॉक्टर दचकले.

"लस. एकदा गोठून परत वितळली की ती अशी खाली बसते. ही टोचली तर मुलाचा दंड दुखेल, बाकी काही नाही."

पाच रोगांवरची ती लस. त्यातला एक घटसर्प, आणि वरच्या जिल्ह्यात घटसर्पाने दोन आठवड्यांत अकरा मुले आजारी पडली होती. दोन गेली होती. इथे तो अजून पोचला नव्हता. ‘अजून’ हा शब्द सकाळपासून अनुभाच्या डोक्यात घुमत होता.

"म्हणजे सिद्ध झालं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद तिच्याकडे सरकवला. ‘लुइतपार सेवा संस्था’ आणि राज्य शासन यांच्यातला करार संपवण्याचे पत्र. नऊ वर्षे ही संस्था स्वतःची नाव आणि माणसे घेऊन बेटांवर दवाखाना चालवत होती. लस आणि औषधे शासनाची. "तुमचा अहवाल आला की चार वाजता सही करतो."

"अहवाल वेगळा आला तर?"

"कसा येईल मॅडम? लस आमच्या कोठारातून निघाली तेव्हा चांगली होती. पावतीवर त्यांच्या नर्सची सही आहे, ‘माल सुस्थितीत मिळाला’. करारात स्पष्ट लिहिलंय, पावतीनंतर जबाबदारी संस्थेची." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, नाववाले बाहेरचे. कोठार आपलं, घरचं. उगाच घरात खोदू नका. उद्या बुधवार, तेवीस उपकेंद्रांवर लसीकरण आहे. मला कामं आहेत."

२

फागुनात नदी आटली होती आणि घाट अर्धा मैल आत सरकला होता. कोरड्या वाळूत पाय रुतवत अनुभा नावेपर्यंत पोचली तेव्हा तिच्या पायघोळ असमिया मेखलेच्या काठाला वाळूची झालर लागली होती.

नर्स जुनाकी पेगू फळीवर उभीच होती. तिशीची, बारीक चणीची, ओठ घट्ट मिटलेले.

"या बाइदेउ," ती म्हणाली; ताईला इकडे असेच म्हणतात. "पावतीबद्दलच विचारणार ना? सही माझीच आहे. अक्षरही माझंच आहे. फाशी कधी?"

"आधी बसू दे," अनुभा म्हणाली. "चहा आहे?"

जुनाकी जराशी गोंधळली. मग नावाडी मोइनुल हकने कोरा चहा आणून ठेवला. पन्नाशीचा, दाढी अर्धी पिकलेली. तो कप ठेवून लगेच मागे, इंजिनाशी जाऊन बसला. तिथून मात्र त्याने कान इकडेच लावले होते.

"सही करण्याआधी पेटी उघडून पाहिली होती?"

"नाही."

"का?"

"उघडली की गारवा जातो. हा नियम तुमच्याच कार्यालयानं लिहून पाठवलाय." जुनाकीने बोटांवर मोजले. "नाव सुटते पहाटे चारला. कोठार उघडतं दहाला. म्हणून नेओग दादा बुधवारी संध्याकाळीच पेटी भरतात, चिकटपट्टी लावतात आणि मी बंद पेटीवर सही करते. नऊ वर्षं करतेय. पेटीत विटा भरून दिल्या असत्या तरी मी लिहिलं असतं, माल सुस्थितीत मिळाला."

"गुरुवारी काय झालं?"

"बेटावर सदतीस आया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी नेहमीसारखी एक कुपी हलवून ठेवली. मोइनुल भाई हसतात मला, म्हणतात सिस्टर आधी बाटलीला नाचवते. पण त्या दिवशी खाली थर बसला. दुसरी हलवली, तिसरी हलवली. सगळ्या तशाच. मी एकालाही टोचलं नाही. परत आले आणि शुक्रवारी स्वतः लिहून दिलं." ती थांबली. "नसतं लिहिलं तर कुणाला कळलं असतं?"

 शुक्रवारी खात्याने सील करून नावेतच ठेवलेली पेटी अनुभाने पुढे ओढली, सील तोडले आणि आतली एकेक वस्तू काढून फळीवर मांडली. मांडताना वहीत लिहिले. लशीच्या कुप्या तीस. तिने कडेच्या पाच आणि मधल्या पाच हलवल्या. पंधरा मिनिटांनी दहांच्याही तळाशी थर बसला. गोवराच्या लशीत मिसळायच्या पाण्याच्या कुप्या चोवीस, अखंड. आईसपॅक चार, वितळलेले.

"बुधवारी संध्याकाळपासून गुरुवारी दुपारपर्यंत पेटी कुठं होती?"

"नावेत."

"नावेत कुठं?"

जुनाकीने इंजिनाकडे पाहिले. अगदी क्षणभर. मोइनुलने मान खाली घातली.

"आतल्या खोलीत," ती म्हणाली. "माझ्या खाटेखाली."

अनुभाने पेटी उलटी केली. तळाच्या निळ्या प्लास्टिकला नखाएवढे काहीतरी चिकटले होते, उन्हात चमकत होते. तिने ते पेनच्या टोकाने सोडवून तळहातावर घेतले.

माशाचा खवला होता.

३

"मीच ठेवली," मोइनुल उठून आला. "सिस्टरला काही विचारू नका. बेटावरचे कोळी मासे देतात, मी बाजारात पोचवतो. त्यासाठी खालच्या कप्प्यात बर्फ नेतो. खाट लहान, पेटी मोठी. मी म्हटलं, बर्फावर ठेवली तर गारच राहील की! गार ठेवायचीच वस्तू ना ती?"

"मला माहीत होतं," जुनाकी म्हणाली.

"तुला नव्हतं माहीत."

"होतं. गप्प बसा." ती अनुभाकडे वळली. "बाइदेउ, हे लिहिलंत की नाव गेली. नाव गेली तर तिकडं कोण जाणार? नऊ वर्षांत खात्याचा माणूस दोनदा आला तिकडं. दोन्ही वेळा आमच्याच नावेतून. ती सदतीस पोरं अजून तशीच आहेत, लस न घेता. घटसर्पाला करार दाखवून परत पाठवणार आहात का?"

अनुभाने खवला वहीच्या पानात ठेवला. डॉ. बसुमतारींना एवढेच पुरे होते, हे तिला कळत होते. मासे, बर्फ, नाव. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर झाले असते.

"बर्फात मीठ घातलं होतं?"

"नाही. मीठ महाग, बर्फ दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरला की झालं."

"कोरडा होता की पाणी सुटलं होतं?"

"सुटलं होतं ना. मी दोनदा पाणी उपसलं."

पाणी सुटलेला बर्फ शून्य अंशावर असतो; त्याखाली तो जात नाही. आणि लस गोठायला त्याखाली जावे लागते, तेही दोन बोटे जाडीच्या भिंतीतून. अनुभाला हे शाळेपासून पाठ होते. पण चार वाजता टेबलापलीकडच्या माणसाला ते पटवायचे म्हणजे काहीतरी हातात हवे. खवला हातात धरता येत होता, शून्य अंश नाही.

तिने वही मिटायला घेतली आणि तिचा हात थांबला. स्वतःच्याच अक्षरातली एक ओळ तिने पुन्हा वाचली.

‘पाण्याच्या कुप्या चोवीस, अखंड.’

"मोइनुल भाई," ती उठली. "पेटी उचला. दोघंही कोठारात चला. आत्ता."

४

तिनिघाटचे कोठार म्हणजे जुन्या इस्पितळामागची लांबट खोली. एका भिंतीला आईसपॅक गोठवायचा डीप फ्रीझर, दुसरीला लशींचा मोठा आडवा फ्रीज, मधल्या फळ्यांवर खोकी. कोठार सांभाळणारा थानेश्वर नेओग औषधांच्या कामात एकतीस वर्षे घालवलेला माणूस. त्याच्या शर्टाची सगळी बटणे लावलेली होती, गळ्याजवळचेही.

अनुभाने काही न सांगता पेटीतल्या पाण्याच्या पाच आणि लशीच्या पाच कुप्या डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. साडेबारा वाजले होते.

"हे कशासाठी, बाइदेउ?" नेओगने विचारले.

"बघू या. तोवर तुम्ही कामाची रीत सांगा."

तो नीट, पाठ केल्यासारखे बोलला. लस फ्रीजमध्ये, सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद. पेटीत घालण्याआधी आईसपॅक बाहेर काढून त्यांना घाम फुटेपर्यंत, आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचे. मिसळायचे पाणी त्या फळीवर, खोक्यात.

"फ्रीजमध्ये नाही?"

"नाही, जागा कुठं आहे? वाटपाच्या दिवशी सकाळी तेवढं आत ठेवतो, गार व्हायला. तुमचाच नियम आहे."

अनुभाने फ्रीजचे झाकण उचलून काटा पाहिला. चार अंश. नोंदवहीतही चार, पाच, चार, चार. महिनाभर, रविवारीसुद्धा, दोन्ही वेळा नेओगची सही. खाली तापमान कमी-जास्त करायचा खटका होता. तिने तो सहज फिरवला. तो शर्टाच्या सैल झालेल्या बटणासारखा गोल फिरला, कुठेच अडला नाही.

नेओग खिडकीबाहेर बघत होता.

झाडलोट करणारी बिनोदिनी केळीच्या पानावर काळ्या तिळाचे लाडू घेऊन आली. "खा बाइदेउ. नेओग दादाच्या मुलीच्या लग्नाचे. गेल्याच्या गेल्या रविवारी झालं, ढेमाजीला, त्याच्या गावी. आम्हाला नुसती पान-सुपारी, तामोल-पान, देऊन बोलावलं, नेलं कुणालाच नाही."

"नदीपलीकडं एवढ्या लांब कोण येणार होतं तुमच्यापैकी?" नेओग पुटपुटला.

"मी आले असते! आणि जावई काय म्हणाला असेल, सासऱ्याचं अर्धं लक्ष या पेटीत." तिने फ्रीजवर थाप मारली. "रोज संध्याकाळी हिला झोपवून जातो, पहाटे येऊन उठवतो. वहिनी म्हणते, एवढी काळजी माझी केली असती तर मी अजून तरुण दिसले असते."

ती हसली. नेओग हसला नाही. अनुभाने लाडूचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

एवढ्यात दारात संस्थेचा जिल्हा समन्वयक, रितुराज खाउंड उभा राहिला. घामाघूम, हातात पाकीट. त्याने अनुभाला बाजूला नेले.

"बाइदेउ, एक विनंती. नव्या कराराची फाइल वर मंत्रालयात आहे. वाद नको. आम्ही चूक मान्य करतो. हे माफीचं पत्र. आणि हे जुनाकीला कामावरून कमी केल्याचं. तारीख आजचीच आहे."

"तिनं चूक केली असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं याला कोण विचारतं? शासनाशी भांडून नाव चालत नाही, बाइदेउ. एक माणूस जाईल, नाव वाचेल."

"तिला सांगितलंत?"

रितुराजने पाकिटाकडे पाहिले.

मागे, डीप फ्रीझरमधून बारीक आवाज आला. काच तडकल्याचा.

५

सव्वादोनला अनुभाने झाकण उघडले. पाण्याच्या पाचांपैकी चार कुप्या फुटल्या होत्या. एकीचा तळच सुटून बर्फाची कांडी बाहेर आली होती. लशीच्या पाचपैकी दोन अजून पातळ होत्या.

तिने नेओग, रितुराज, जुनाकी आणि मोइनुल या चौघांना टेबलाभोवती बोलावले.

"पाणी गोठताना फुगतं आणि काच फोडतं. लशीत क्षार असतात, म्हणून ती पाण्याच्या नंतर गोठते. पेटीत दोन्ही शेजारी शेजारी होत्या. कडेची, मधली, सगळी लस गोठलेली होती. आणि चोवीसपैकी एकही पाण्याची कुपी फुटली नाही."

तिने फुटलेली एक कुपी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"पेटीत थंडी शिरली असती, मग ती मोइनुल भाईंच्या बर्फाची असो की घाम न फुटलेल्या आईसपॅकची, तर पाणी आधी गोठलं असतं. ते गोठलं नाही. म्हणजे लस गोठली तेव्हा पाणी तिच्या शेजारी नव्हतं."

जुनाकीने टेबलाची कड धरली. "पाणी फळीवर होतं," ती हळू म्हणाली. "बुधवारपर्यंत."

"हो. लस बुधवार सकाळच्या आधी गोठली. या फ्रीजमध्ये. नाव तेव्हा घाटावर रिकामी उभी होती."

मोइनुलने मोठ्याने श्वास सोडला. जुनाकी मात्र खूश दिसत नव्हती. ती नर्स होती. तिने पुढचे गणित अनुभाच्या आधीच केले होते.

"बाइदेउ, त्याच बुधवारी सकाळी तेवीस उपकेंद्रांची लस इथूनच गेली."

"किती मुलं?"

"तीनशेवर," नेओग म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "तीनशे बारा."

तीनशे बारा आयांनी दंडावर फडके धरून पोरांना घरी नेले होते. आता काळजी नाही, असे म्हणत. आणि भिंतीशी ओळीने उद्याच्या तेवीस पेट्या मांडून ठेवल्या होत्या, उघड्या, भरायच्या बाकी.

अनुभाने फोन काढला. हा एक अधिकार तिला कुणाला न विचारता होता. तिने दोन ओळी लिहिल्या: तिनिघाट कोठारातील लस थांबवा, उद्याचे वाटप रद्द, गुवाहाटीहून नवा साठा आजच पाठवा. पाठवून झाल्यावर तिचे बोट थोडा वेळ काचेवरच राहिले.

"नेओग दादा," ती म्हणाली, "त्या रविवारी तुम्ही ढेमाजीला मुलीला निरोप देत होतात. नोंदवहीत त्या रविवारी सकाळी चार अंश आहेत, संध्याकाळी पाच. दोन्हीला तुमची सही."

६

नेओगने आधी गळ्याचे बटण काढले. मग खाली बसला.

"खटका दीड वर्षापासून मोडलाय," तो म्हणाला. "फ्रीज चालू ठेवला की थांबतच नाही, गार करत जातो. म्हणून संध्याकाळी बंद करायचो, पहाटे चालू. फ्रीजच्या भिंतीत भरलेल्या बर्फावर रात्र निघते. दीड वर्षात एक कुपी बिघडू दिली नाही मी. आजारी असलो तरी आलो."

"आणि लग्नाला?"

"रजा मागितली. बदली माणूस नाही म्हणून नामंजूर. मुलीच्या लग्नाला बापानं जायचं नाही? शुक्रवारी संध्याकाळी निघालो. बंद ठेवला असता तर चार दिवसांत उन्हाळा आत शिरला असता. म्हणून चालू ठेवला. कुणाला किल्ली देऊन सांगायचं तर मोडका फ्रीज दीड वर्ष चालवला हेही सांगावं लागलं असतं. मंगळवारी आलो तर झाकणाच्या आत बोटभर बर्फ. मी पुसून काढला. मनाला म्हटलं, लशीपर्यंत पोचला नसेल." त्याने जुनाकीकडे पाहिले नाही. "तू कुप्या हलवतेस हे मला ठाऊक होतं, माय. इतर कुणी हलवत नाही. "

"आणि माझं नाव चौकशीत आलं तेव्हा?" जुनाकीने विचारले.

"पेन्शनला दोन वर्षं आहेत." एवढेच तो म्हणाला.

"तुम्ही दुरुस्तीला कळवलं का नाही?" अनुभाने विचारले.

नेओग उठला, कपाटातून दोरी बांधलेली फाइल काढून तिच्यासमोर ठेवली. "अकरा वेळा कळवलं. हा फ्रीज लुइतपारनं दिलेला. देणगी. झाकणावर त्यांची चकती आहे, बघा. इमारत शासनाची."

पहिल्या काही पत्रांना संस्थेची उत्तरे होती, खाली रितुराजची सही: ‘हस्तांतरणानंतर देखभाल शासनाकडे आहे.’

रितुराज पुढे आला. "करारात तसंच लिहिलंय! शासकीय कोठारात आमचा मेकॅनिक पाठवला तर हस्तक्षेप म्हणतात. एकदा पाठवला होता, फाटकावरून परतवून लावला."

"मग मी खात्याला लिहिलं," नेओग म्हणाला. "ही तुमच्या इथली उत्तरं."

अनुभाने पान उलटले.

अर्जावर चौकोनी शिक्का होता. ‘यंत्र यादीत नाही. अर्ज परत.’ खाली आखूड सही. पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही. तारखा वेगळ्या, सहीची शेपटी प्रत्येक वेळी सारखीच, घाईने उजवीकडे ओढलेली. एकूण पाच.

तिला एकही अर्ज आठवत नव्हता. तोच सगळ्यात वाईट भाग होता. त्या दिवशीही तिने कशाची तरी वाट पाहता पाहता बारा मिनिटांत नऊ उरकले असतील.

"ही पेटी कुणाचीच नाही, बाइदेउ," नेओग म्हणाला. "म्हणून मीच तिला झोपवत होतो."

७

चारला पाच मिनिटे कमी असताना अनुभाने डॉ. बसुमतारींच्या टेबलावर अहवाल ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. वाटप रद्द झाल्याचे त्यांना कळले होते आणि कपाळावरची शीर ताठ झाली होती.

"तीनशे बारा मुलं," ते म्हणाले. "हे पेपरात गेलं तर? मॅडम, दोष नावेवर ठेवला असता तर सदतीस मुलांचा प्रश्न होता. त्यांना तर टोचलंही नव्हतं! किती सोपं होतं."

"सोपं होतं. आणि उद्या तेवीस पेट्या निघाल्या असत्या."

ते खुर्चीत बसले. त्यांनी पत्र आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवले. वरच्या जिल्ह्यातली दोन मुले त्यांनाही ठाऊक होती.

"जबाबदार व्यक्ती," त्यांनी मोठ्याने वाचले. "नेओग, नोंदी खोट्या लिहिल्या, गोठलेली लस वाटली. खाउंड, माहीत असून गप्प. बसुमतारी..." ते अडखळले. "रजा नाकारली, बदली दिली नाही. ठीक आहे. आणि हे चौथं? हे तुमचं नाव आहे."

"हो."

"वेड लागलंय का? तुम्ही चौकशी अधिकारी आहात. स्वतःला कोण लिहितं?"

"पाच वेळा सही केलीय मी. जुनाकीच्या पावतीवरच्या एका सहीसाठी तुम्ही करार संपवणार होतात." तिने ते पाचही अर्ज त्यांच्यापुढे सरकवले. "तीही बंद पेटीवर सही करत होती, मीही. फरक इतकाच की तिनं नंतर उघडून पाहिलं."

डॉक्टरांनी करार संपवण्याचे पत्र उचलले, दोनदा घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकले. फाडले नाही. अनुभाने ते पाहिले. त्यापुढे तिच्या हातात काही नव्हते.

"आधी बेटांवर कोण जाणार?" त्यांनी विचारले.

"जुनाकी. गुरुवारी. त्या तीनशे बारा मुलांना पुन्हा टोचावं आणि उपकेंद्रांच्या नर्सना कुप्या हलवून बघायला तिनंच शिकवावं, असं लिहिलंय शेवटच्या पानावर."

बुधवारी संध्याकाळी गुवाहाटीचा नवा साठा घाटावर आला. नेओग कोठारात नव्हता. त्याच्या जागी आलेल्या तरुण औषधनिर्मात्याने पेटीला चिकटपट्टी लावून पावती पुढे केली. जुनाकीने पट्टी ओढून काढली.

"अहो सिस्टर, गारवा जातो!"

"जाऊ दे थोडा."

तिने एक कुपी काढली, अनुभाच्या हातात दुसरी दिली. दोघींनी हलवून फळीवर ठेवल्या. मोइनुलने न सांगता दोन कप कोरा चहा आणला. खालचा कप्पा धुऊन कोरडा केलेला होता.

"किती वेळ लागतो?" त्या तरुणाने विचारले.

"अर्धा तास धर," जुनाकी म्हणाली.

अनुभाच्या पिशवीत अर्जांची नवी फाइल होती. तिने ती काढली नाही. वाळूवर ऊन उतरत होते. चहा निवला तरी दोघी कुप्यांवरची नजर न हलवता बसून राहिल्या, आणि औषध दुधट ते दुधटच राहिले.

मग जुनाकीने पेन मागितले.